वीज गेली की मी

मित्रांनो, शिलाईच्या कारखान्याच्या मागच्या दारापाशी, पत्र्याच्या आडोशाला जो काळपट हिरवा ठोकळा दिसतो, तो मी. मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. अंगावरून रंगाचा शेवटचा हात फिरला तेव्हा वाटले होते, आपण एखाद्या मोठ्या दवाखान्यात जाऊ, अडल्यानडल्याच्या उपयोगी पडू. पण माझ्या नशिबी ही अरुंद गल्ली आली.

इथे रोज दुपारी वीज जाई. कारखान्याच्या मालकीण, आमच्या ताई, यांनी स्वयंपाकघरातल्या एका शिलाई मशीनवर धंदा सुरू केला होता. पुढे मोटरवर चालणाऱ्या मशिनी आल्या, शिवणाऱ्या बायका आल्या. पण वीज गेली की सगळ्या हातावर हात ठेवून बसत. शाळांचे गणवेश वेळेवर पोचत नसत आणि शाळा दुसरा शिंपी बघत. मी आलो त्या दिवशी ताईंचे सासरे, आबा, यांनी हँडल फिरवले. मी थरथरलो आणि धडधडू लागलो. आत दिवे लागले, मशिनी एकदम बोलू लागल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एवढे कौतुक मी पुन्हा कधी ऐकले नाही.

आबा पूर्वी घड्याळे दुरुस्त करायचे. माझी सगळी देखभाल त्यांनी अंगावर घेतली. फडक्याने मला पुसता पुसता ते म्हणायचे, “जन्मभर टिकटिक ऐकली, आता म्हातारपणी तुझा ढोल ऐकायचा आला बाबा!”

दिवस पालटले. मशिनी वाढल्या, वर मजला चढला. शिवणाऱ्यांत सर्वांत वडील असलेल्या काकूंची मुलगी नर्स व्हायला शिकू लागली. आमचे बघून शेजारच्या छापखान्याने जनरेटर आणला, वेल्डिंगवाल्याने आणला. गल्लीतले रिकामे हात कामाला लागले. तुमच्यापैकी एखाद्याच्या अंगावरचा गणवेशही माझ्याच धडधडाटात शिवला गेला असेल. मला त्याचा अभिमान होता. पण काम वाढले तसा मी जास्त वेळ चालू लागलो, आणि जास्त धूर सोडू लागलो. तो जाणार कुठे? माझ्या डोक्यावरच आबांच्या खोलीची खिडकी होती.

आबांचा खोकला आधी मला माझ्याच आवाजात ऐकू आला नाही. मी थांबलो की मग ऐकू यायचा.

“यांना धुरापासून लांब ठेवा,” डॉक्टरांनी बजावले. पण ठेवायचे कुठे? पुढच्या खोल्या कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या. खिडकी लावली तर आबांचा जीव घुसमटे. धुराचा पाइप वर नेला, तर पलीकडचे शेजारी भांडायला आले. ताईंनी वीज कार्यालयात खेटे घातले. “न जाणाऱ्या विजेची नवी लाइन मंजूर आहे, होईल,” एवढेच उत्तर मिळे. गल्लीत नवे खांब उभे राहिले, त्यांवर तारा काही आल्या नाहीत.

एका दुपारी वीज गेली आणि ताई म्हणाल्या, “आजपासून जनरेटर लावायचा नाही.” सगळीकडे शांत झाले. आबांना गाढ झोप लागली. मलाही हायसे वाटले. पण तसेच काही दिवस गेल्यावर काकू चाचरत म्हणाल्या, “ताई, आबा आम्हालाही वडिलांसारखेच. पण बसून राहिलो तर आमच्या चुली कशा पेटायच्या? शाळाही उघडायला आल्यात.” ताई खाली मान घालून नुसत्या कापडावर हात फिरवत राहिल्या.

आबांनी हे ऐकले. भिंतीला धरत धरत ते माझ्यापाशी आले आणि त्यांनी हँडल उचलले.

“आबा, काय करताय? ठेवा ते!” ताई धावत आल्या.

“सूनबाई, माझ्या एकट्याच्या खोकल्यापायी एवढ्या घरांचं काम अडवतेस? असली झोप नको मला.”

त्यांनी हँडल फिरवले. मला सुरू व्हायचे नव्हते. पेटू नकोस, पेटू नकोस, असे मी स्वतःला बजावत होतो. त्यांना दम लागला, ते थांबले, पुन्हा फिरवू लागले. मित्रांनो, माणूस रुसून बसतो, बैलही बसकण मारतो. यंत्राला ‘नाही’ म्हणता येत नाही. त्यांनीच निगुतीने जपलेले इंजिन होते ते. पेटले. आत दिवे लागले. आबा पायरीवर बसून खोकत राहिले, आणि मी त्यांच्या तोंडावर धूर सोडत राहिलो.

नंतर त्यांना लेकीकडे, मोकळ्या हवेत नेले. निघताना माझ्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझा काय दोष?” ते परतले नाहीत. एका सकाळी वीज असूनही एकही मशीन चालू झाली नाही, तेव्हा मी काय ते समजलो.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. उद्या तुमच्यातलेच कुणी त्या कार्यालयातल्या खुर्चीवर बसाल. तेव्हा उभ्या खांबांवर तारा ओढा, त्यांतून स्वच्छ वीज येऊ द्या. पोटाचा घास की छातीतला श्वास, हे निवडायची पाळी कुणावर आणू नका. मग मला खुशाल भंगारात घाला.

आबांची खोली आज रिकामी नाही. शिवायला नव्याने आलेल्या एका पोरीने आपले तान्हे बाळ गुपचूप तिथे निजवले आहे. काम जाईल या भीतीने तिने कुणाला सांगितलेले नाही. ताईंना माहीत नाही, आणि मला सांगता येत नाही. आतल्या मशिनी आत्ताच थांबल्या. ताई हँडल घेऊन येत आहेत.