खिंडीपलीकडची म्हातारी

आमच्या शाळेच्या वाचनालयात बोलायला बंदी आहे. तशी पाटी भिंतीवर आहे, पण पाटीला कोण विचारतो? बंदी पाळली जाते ती माझ्या नजरेच्या धाकाने. बाई मान वर न करता बघतात, असं पोरं एकमेकांना सांगतात. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की गेली दोन वर्षं मान वर करूनही बाईंना फारसं काही दिसत नव्हतं.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, "पिकलाय, काढून टाकू." शर्टाचं तुटकं बटण काढावं तसं म्हणाले. मी विचारलं, बिघडलं तर? तर हसून म्हणतात, आजवर हजारो डोळे केलेत. केले असतील हो, पण मला त्यांचं काय करायचंय? माझे दोनच आहेत. मी फाइल उचलली आणि घरी आले. ती फाइल कपाटात साड्यांखाली गेली.

मला भीती वाटत होती, सरळ सांगते. आंधळी होण्याची नव्हे, वाचता न येण्याची. या दोन भीती वेगळ्या आहेत, हे आमच्या ह्यांना अजून कळलेलं नाही. मी जेवताना वाचते, केस विंचरताना वाचते, गॅसवर दूध ठेवून वाचते. दूध उतू गेलं की हे आतून ओरडतात, "चांगलं दिसतंय पुस्तक!" आमच्या घरात पुस्तकाची परीक्षा अशीच होते. चांगल्या लेखकांपायी किती पातेली घासली असतील, त्याला गणतीच नाही.

आणि वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं. पान गाळायचं नाही, शेवट आधी बघायचा नाही. लेखकाने लिहिलंय ते लिहिलंय, त्यात कुणी नाक खुपसायचं कारण नाही. एका दिवट्याने रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं, त्याचं कार्ड मी वर्षभर बंद केलं. मुख्याध्यापक मध्ये पडले, तरी ऐकलं नाही.

तर अशी मी, आणि अक्षरं दिसेनाशी झालेली. पुस्तकांच्या पाठी रंगावरून ओळखायची, पोरं चालीवरून. ते निभत होतं. वाचायचं काय? तेवढ्यात नववीतली रेडिओ माझ्या मदतीला आली, म्हणजे माझ्या कचाट्यात सापडली.

रेडिओ हे नाव तिला वर्गाने ठेवलेलं. पोरीचं तोंड म्हणून बंद नाही. तिला दहा वेळा बाहेर काढली, कोपऱ्यात बसवली. कोपऱ्यात ती भिंतीशी बोलायची. शेवटी एक दिवस माझं डोकं फिरलं. मी तिला टेबलाशी ओढून बसवलं, हाताला लागलं ते जाडजूड पुस्तक तिच्या पुढ्यात आपटलं आणि म्हटलं, "फार बोलायचंय ना? मग हे बोल. एक प्रकरण, माझ्या कानापुरतं. घसा सुकला तरी थांबायचं नाही."

ती वाचू लागली. मी रागाने ऐकत होते, मग नुसतीच ऐकत होते. घंटा झाली तेव्हा माझ्याच तोंडून निघून गेलं, "उद्या पुन्हा बोललीस तर पुढचं प्रकरण वाचावं लागेल, लक्षात ठेव." दुसऱ्या दिवशी ती बोलली, देवाची कृपा. नंतर नंतर तर ती दारातून आत शिरायच्या आधीच मी तिला बोलताना पकडत असे.

कादंबरी एका बड्या घराण्याची होती. घरातला तरुण मुलगा हळवा, सारखा खिडकीत उभा राहणारा. त्याच्या बापाने गावाची कुरणं खोट्या कागदांवर लाटलेली. ते खोटं डोळ्यांनी पाहिलेली एकच बाई, घरातलं धुणं धुणारी म्हातारी. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी म्हातारी उठते आणि हिवाळ्यात, एकटी, डोंगरातली खिंड ओलांडून शहरातल्या कोर्टात साक्ष द्यायला निघते. मला ती फार आवडली. मी रेडिओला म्हटलं, "त्या खिडकीतल्या ठोंब्याचं काय व्हायचं ते होऊ दे. पण या म्हातारीला काही झालं तर मी हे पुस्तक पुन्हा हातात घेणार नाही, सांगून ठेवते."

रेडिओने पान उलटलं आणि गप्प झाली. रेडिओ, आणि गप्प!

"काय गं, अडलीस का?"

"जोडाक्षर आहे, बाई."

"मग फोड करून वाच. नववीत आलीस ना?"

तिने घसा खाकरला आणि वाचू लागली. आणि काय सांगू, चौथ्या प्रकरणापासून त्या लेखकाच्या हाताला एकदम चवच आली! आधीची ती लांबलचक वाक्यं गेली. म्हातारी खिंडीत वाट चुकली, एका मेंढपाळाच्या झोपडीत घुसली आणि त्यालाच झापलं, "दार लावायला काय पैसे पडतात?" शहराच्या वेशीवर शिपायाने अडवलं, तर म्हणाली, "आधी तोंडातलं थुंकून ये, मग माझ्याशी बोल." मी खूश. मी पोरांना जशी झापते, तश्शी! ह्यांना घरी जाऊन सांगितलं, "लेखकाला माणसाची काय पारख आहे बघा. असं बोलणारी बाई त्याने कुठेतरी नक्की पाहिली असणार." हे म्हणाले, "कुठेतरी का, इथे येऊन गेला असेल." मी लक्ष दिलं नाही.

मध्येच कधी रेडिओ थांबायची, छताकडे बघितल्यासारखी वाटायची. मी ओरडायची, "जोडाक्षर?" ती म्हणायची, "हो बाई, मोठं आहे."

त्या वर्षीच्या वाचन सप्ताहात मला आवडत्या पुस्तकावर बोलायला सांगितलं. मी याच पुस्तकावर बोलले. कोर्टाचा प्रसंग असा रंगवला, की सभागृहात चिडीचूप. म्हातारी साक्षीला उभी राहते आणि आधी न्यायाधीशालाच म्हणते, "ताठ बसा. खुर्ची झोपायला दिलेली नाही." टाळ्या पडल्या. नंतर भाषेच्या बाई माइकसमोर आल्या आणि नाक ओढत म्हणाल्या, "कॉलेजात असताना हा प्रसंग वाचून मी ढसाढसा रडले होते." मुख्याध्यापकांनी समारोपात सांगितलं, की न्यायाधीशाला दिलेलं ते उत्तर त्यांना आजही तोंडपाठ आहे. तिसऱ्या रांगेत कुणाला तरी भयंकर ठसका लागला. ठसक्यावरून मी ओळखलं, रेडिओ. तिकडे तोंड करून डोळे वटारले.

आता एकच प्रकरण राहिलं होतं. साक्ष झाली, गावाला कुरणं परत मिळाली, आणि म्हातारी घरी जायला निघाली. पुन्हा तीच खिंड, वर बर्फ पडू लागलेलं. तिथे घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी रेडिओऐवजी तिची आई आली. दवाखान्यात नर्स आहे, ड्यूटीवरून तशीच आली होती. "बाई, वर्षभर रोज शिक्षा! एवढं काय केलं हो तिने? घरी अभ्यासाला बसली की भिंतीशी भांडते. परवा तर भिंतीला न्यायाधीशसाहेब म्हणाली! भाषेच्या बाई म्हणतात, हिच्या निबंधात चार ओळींवर काही नसतं, कल्पनाशक्तीच नाही. पुढच्या वर्षी दहावी. कृपा करून सोडा तिला."

काय बोलणार? म्हातारी बर्फात अडकलीय हो, असं सांगणार? मी म्हटलं, "ठीक आहे. उद्यापासून शिक्षा नाही." आणि आई गेल्यावर पुस्तक उघडून डोळ्यांना टेकवलं, भिंग लावलं, खिडकीत नेलं. नुसतं धुकं.

दुसऱ्या कुणाला वाचायला लावता आलं असतं. एका मुलाला बसवूनही पाहिलं. म्हटलं, शेवटचं प्रकरण काढ. तो वाचायला लागला, तर खिडकीतला ठोंब्या आणि त्याचे उसासे. म्हातारीचा पत्ता नाही. मला वाटलं, कार्टं पानं गाळतंय. त्याला हाकलला.

सात-आठ दिवस मला चैन पडेना. पोळी भाजताना बर्फ दिसायचं. एका संध्याकाळी साड्यांखालून फाइल काढली आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवली. हे म्हणाले, "दोन वर्षं मी कानीकपाळी ओरडतोय, तेव्हा ऐकलं नाहीस. आज काय झालं?"

"म्हातारी घरी पोचते की नाही, ते बघायचंय."

"कुठली म्हातारी?"

"तुम्हाला नाही कळायचं."

ऑपरेशनला स्ट्रेचरवरून नेलं, दारापर्यंत हे सोबत होते. ह्यांनी हात सोडला तेव्हा मी जवळजवळ उठून पळालेच होते. सगळं आयुष्य पणाला लावून बसले होते मी, आणि कशासाठी, तर एका प्रकरणासाठी. पण झालं. आधी एक डोळा, मग दुसरा. पट्टी सुटली तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं, तर ह्यांच्या कानांवरचे केस. "अहो, हे कधी आलं?" मी म्हटलं. हे म्हणाले, "बरं चाललं होतं आपलं."

वाचायची परवानगी मिळाली त्या दुपारी दूध गॅसवर ठेवलं, पुस्तक घेऊन बसले. शेवट आधी बघायचा नाही, म्हणून म्हातारी निघते तिथूनच सुरुवात केली. चौथं प्रकरण, पहिलंच वाक्य: 'धुणंवाली म्हातारी खिंडीत गारठून मेली, असं वसंतात कळलं.'

एवढंच. पुढच्या वाक्यात तो ठोंब्या उसासा टाकतो आणि जेवायला जातो.

मला वाटलं, पानं गहाळ आहेत. शिवण बघितली, आकडे बघितले. सगळं जागेवर. मग इरेला पेटून शेवटपर्यंत वाचलं. मेंढपाळ नाही, शिपाई नाही, कोर्ट नाही, न्यायाधीश नाही. कुरणं बापाकडेच राहतात. चारशे पानं नुसते उसासे. दूध एकदाही उतू गेलं नाही.

पुस्तक मिटलं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जोडाक्षर!

आधी राग आला. लेखकाच्या लिहिण्यात नाक खुपसते, एवढीशी पोर! मग भाषण आठवलं आणि कानशिलं तापली. मग भाषेच्या बाईंचं ते ढसाढसा रडणं आठवलं, मुख्याध्यापकांचं तोंडपाठ उत्तर आठवलं आणि मी एकटीच स्वयंपाकघरात खो खो हसत सुटले. आणि हसता हसता रडू आलं. म्हातारीला काही झालं तर, असं मी म्हणाले होते. त्या पोरीने पान उलटलं, म्हातारी मेलेली बघितली, आणि माझ्यासाठी तिला उठवून वर्षभर चालवली. आणि म्हातारीच्या तोंडी तर माझंच बोलणं घातलं होतं. डॉक्टरांनी डोळे चोळू नका म्हणून बजावलं होतं, पण कोण ऐकतो?

शाळेत रुजू झाले तर रेडिओ वाचनालयाकडे फिरकेना. निरोप धाडून बोलावली. पहिल्यांदा तिचा चेहरा नीट पाहिला. नाकावर मुरुम, भुवया जोडलेल्या, आणि प्रचंड घाबरलेली. टेबलावरचं पुस्तक तिने पाहिलं, मग माझे डोळे पाहिले.

"बाई, तुम्ही वाचलं?"

"वाचलं."

"सगळं?"

"सगळं. चौथ्या प्रकरणापासून पुढे त्या माणसाला लिहिताच येत नाही."

ती खाली बघत म्हणाली, "माझं कार्ड बंद करणार?"

"आधी सांग, ती घरी पोचते का?"

तिने मान वर केली. मी थट्टा करत नाहीये, हे कळायला तिला जरा वेळ लागला. मग हळूच म्हणाली, "मला अजून माहीत नाही, बाई. खिंडीतच आहे."

"एवढे दिवस? बर्फात?"

"तुम्ही शिक्षाच बंद केलीत."

वाचनालय भरलेलं होतं. आठवीचा अख्खा वर्ग माना खाली घालून बसला होता आणि कान आमच्याकडे होते. समोर भिंतीवर ती पाटी, आता अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसणारी. मी पुस्तक उचलून मागच्या कपाटात ठेवून दिलं आणि रेडिओसाठी खुर्ची ओढली.

"बस," मी म्हटलं, "आणि बोल."