नाव मोठं, म्हणून दार बंद

मी एक फाइल आहे, पस्तीस मिनिटांच्या आवाजाची. वेळ असेल तर पूर्ण नाव सांगते: ‘कसबा पेठेतील तांबट आळीच्या ज्येष्ठ कारागीर श्रीमती वेणूबाई करडे यांनी मठारकामाविषयी सांगितलेल्या आठवणी’.

हे नाव वाचनालयाच्या यज्ञेश्वर सरांनी ठेवलं. वेणूबाई तांब्याच्या घागरीवर हातोडीचे ठोके देत, म्हणजेच मठारकाम करत, बोलत होत्या, ते सगळं माझ्यात आहे. वर्षभरात त्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली.

जुन्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरवर मी सुखात होते. पण तो दहा मिनिटांत तापून बंद पडू लागला, म्हणून लिनक्सचा नवा आला आणि माझे हाल सुरू झाले. वाचनालयाचं काम बघणारी तनया पेनड्राइव्हवरून सगळ्यांना तिकडे नेऊ लागली. माझ्यापाशी नवं यंत्र अडलं: नाव फार मोठं. तिनं घाईत ‘वगळा’ दाबलं. ‘नवीन फायनल २’ नावाची सहलीची यादी आत गेली, आणि मी बाहेर!

पंधरवड्यानं वेणूबाईंची नात दीपमाला आली. तिनं आजीची हातोडी उचललीय, पण घागर दरवेळी चिरते. आजीला विचारावं तर आजी नुसती बघते. उत्तर माझ्यात होतं, आणि मी नव्या यंत्रात नव्हते. पेनड्राइव्ह केव्हाच पुसला होता, आणि जुना कॉम्प्युटर दाराशी भंगाराच्या टेम्पोची वाट बघत होता. तनयाचा चेहरा उतरला. तिनं धावत त्याला वायर जोडली, तो बंद पडायच्या आत मला उचललं, आणि पुन्हा तेच: नाव फार मोठं.

आता कुठे तिनं कारण शोधलं. त्या यंत्रात नावाला ठरावीक जागा असते. इंग्रजी अक्षराला एक घर लागतं, तर आपल्या अक्षराला तीन. काना-मात्रेलाही तीन. ही कुठली रीत?

“सर, ‘वेणू १’ करते,” तनया म्हणाली.

“ऐंशी वर्षांच्या बाई आहेत त्या, बसस्टॉप नव्हे.”

“यंत्राला मान कळत नाही हो सर, ते फक्त मोजतं.”

“मग ज्यांनी मोजायला शिकवलं त्यांना कळवा की.”

टेम्पोचा हॉर्न वाजला. दीपमाला पुढे झाली. “सर, घरी आम्ही आजीला नुसतं बाई म्हणतो. तिचा मान नाही जात. मला ऐकायचंय.”

सर खुर्चीत बसले. माझं सगळं बिरुद त्यांनी शेजारच्या एका टिपणात उतरवलं, आणि माझ्या नावाच्या जागी ‘वेणूबाई’ एवढंच टाइप केलं. बटण दाबण्याआधी पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, “माफ करा, बाई.”

एकविसाव्या मिनिटाला मी बोलले, “ठोका असा टणक वाजला ना, की हात थांबव. आधी भट्टीत घालून तांबं मऊ कर.” दीपमालेनं ते तीनदा ऐकलं.

तिची घागर परवा न चिरता उतरली. मी नव्या यंत्रात आहे, भरपूर घरं मोकळी राखून. माणसांनो, आमची नावं आपल्या भाषेतच ठेवा, आटोपशीर ठेवा. पण ‘वगळा’ दाबण्याआधी दाराबाहेर कोण राहिलं ते एकदा वाचा. माझ्यात पस्तीस मिनिटांचं बोलणं होतं, आणि मला स्वतःहून हाक मारता येत नाही.