गाण्यासोबत बोलणारे मामा

मामा म्हणजे कोर्टात न्यायाधीशांनाही पाणी पाजणारे वकील. आजाराने त्यांची वाचा गेली, तेव्हापासून ते एका बोटाने टाइप करत आणि संगणक ते वाक्य मोठ्याने बोले. प्रोग्राम भाचीचा. पण संगणक बदलला आणि तो अडखळू लागला. "म-ला पा-णी" ऐकून पाहुणे हसले. मामांनी यंत्र बंद केलं ते केलंच. आता हा माणूस कायमचा मुका होणार, या धास्तीने भाची धावत आली.

तिची लायब्ररी, म्हणजे प्रोग्राममागचा तिने लिहिलेला कोड, सगळ्या तऱ्हेच्या संगणकांवर चालायची. तिच्यातला एक थ्रेड, म्हणजे मागे सतत चालणारं एक छोटं काम, आवाजाचा तुकडा पुढे ढकलतो, पापणी लवेपर्यंत झोपतो, उठून पुढचा ढकलतो. इथे तो वेळेवर उठतच नव्हता. तिच्या घरी, अगदी अशाच संगणकावर, तो एकदाही उशिरा उठला नव्हता. झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात. हा तर खरोखरच घोरत होता. दुपारपर्यंत तिने डोकं खाजवलं.

"अगं, किती ती शांतता! जीव गुदमरतो," म्हणत मामींनी त्याच संगणकावर आपलं आवडतं गाणं लावलं.

मामांचा पारा चढला. त्यांनी रागारागाने बोट चालवलं.

"ही काय कटकट लावली आहे? बंद करा!"

एका दमात, कुठेही न तुटता! भाची खुर्चीतून उडालीच. तिने गाणं बंद केलं; वाक्य पुन्हा तुटलं. लावलं, सरळ आलं.

"मामी, मी घरी कायम गाणी लावूनच काम करते!" ती कपाळावर हात मारत म्हणाली. "गाणं सुरू असलं की संगणक आपलं घड्याळ बारीक करतो, क्षणाचे अगदी लहान तुकडे मोजतो, म्हणून माझा थ्रेड वेळेवर उठायचा. मला वाटायचं, माझीच हुशारी!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आता घड्याळ बारीक करायला लायब्ररीनेच संगणकाला सांगावं, एवढंच तिने लिहिलं. गाणं बंद होतं. तिने कीबोर्ड मामांपुढे सरकवला.

बोट बराच वेळ चाललं.

"तिचं गाणं अर्धं राहिलं," मामा म्हणाले, स्वच्छ, न अडखळता. "लाव पुन्हा. मी थांबतो."

मामींना हसू आणि रडू एकदमच आलं. भाचीने गाणं लावलं, आणि मामा खरोखरच शेवटपर्यंत गप्प बसले.