मागांची खोली

इतवाऱ्यातल्या आमच्या घरामागचे सहाही पॉवरलूम भंगारवाल्यानं नेले, त्याला वर्ष झालं. परदेशी कापड स्वस्त पडतं म्हणे. भांडायचं तरी कुणाशी? पुण्याहून मी माहेरी आले, तर आई अजून ओरडूनच बोलत होती, समोरच्याचे ओठ बघून उत्तरं देत होती. मागांच्या खडखडाटात तिचा सगळा संसार असाच झाला होता.

जेवताना ती बाबांवर खेकसली, “योगिता आली, घडीभर माग तं बंद करा!”

बाबा मुकाट उठले. रिकाम्या खोलीत जाऊन त्यांनी खटका खाली ओढला आणि परत ताटावर बसले.

आईनं कान दिला. “बंद कुठे झाले?”

मी बाबांकडे बघितलं.

“रोज बंद करतो, पोरी,” ते म्हणाले. “थांबतच नाहीत.”