एका गव्हाणीला दोन पोरी

परीक्षा खात्याचे साहेब, गुन्हा तुमचा आहे. ओल्या रानात नांगर घालू नये, ढेकळांचे दगड होतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्ही मात्र सराव परीक्षा घेतली, तिच्यावर पूर्वपरीक्षा घेतली, मग पूर्वपरीक्षेचाही सराव घेतला. दूधवाल्याच्या पोरीचं डोकं तोवर भाजलेल्या विटेसारखं झालं, आणि खरी परीक्षा अजून पुढं उभीच. ती चांगली गेली तर कॉलेज, नाहीतर घरी. अशा ऐन वेळेला वर्गात पहिली येणारी ती पोरगी पुस्तक उशाला घेऊन गोठ्याच्या सावलीत आडवी झाली.

"वाचतीयेस ना गं?" बाप विचारायचा.

"वाचते की," म्हणायची, आणि कूस बदलायची.

बाहेर ऊन असं, की कोंबड्यासुद्धा चोच उघडी टाकून बसलेल्या. आईनं पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही. नुसता आळस आहे."

"आळस नाही गं," दूधवाला धार काढता काढता म्हणाला. "जनावर असंच करतं. गव्हाणीत हिरवागार चारा असला तरी एकटं असलं की तोंड लावत नाही. शेजारी दुसरं आणून बांध, मग बघ कसं हिसकावून खातंय."

"अहो, पोरगी आहे ती. म्हैस नाही."

"हेवा दोघींना सारखाच असतो."

झालं. त्यानं तडक सुताराचं घर गाठलं. सुताराची पोरगी वर्गात कायम दुसरी. सुतार दाराची फळी रंध्यानं तासत होता. त्यानं आढेवेढे घेतले. "माझी तर पुस्तकातून मान वर काढत नाही. पण तुझ्यासाठी पाठवतो. शेजारधर्म आहे." ही शुद्ध थाप होती. त्याचीही पोरगी भुशाच्या ढिगावर लोळत पडली होती.

दोघींना गव्हाणीच्या दोन बाजूंना बसवलं, मधे पुस्तकं ठेवली. दोन्ही बाप कुडाआडून कान लावून उभे.

"तू उघड की," सुताराची म्हणाली.

"तू उघडलंस की मला हेवा वाटणार आहे. मग मी उघडणार. असं ठरलंय घरात."

"आमच्याकडं उलटं ठरलंय."

"मग पडू या थोडं."

पडल्या. पण दूधवाल्याचा हिशेब अगदीच चुकला नव्हता. दोघींच्या मधे एवढं काय ठेवलंय म्हणून म्हशीलाच हेवा वाटला. तिनं मान लांब करून विज्ञानाचं पुस्तक ओढलं आणि निम्मं खाल्लं. आख्ख्या गोठ्यात त्या दिवशी अभ्यास काय तो तिचाच झाला.

बाप ओरडत आत धावले. पोरींनी त्यांनाच धरलं.

"बाबा, तुम्हाला अभ्यासाचं एवढं प्रेम आहे ना? बसा. आम्ही पेपर काढतो."

पालथ्या घमेल्यांवर दोन मिशीवाले बसले. दूध का नासतं? लोखंड का गंजतं? दूधवाल्यानं लिहिलं, भांडं बायकोनं नीट धुतलं नाही म्हणून. शेवटचा प्रश्न होता, 'मुलीनं कॉलेजात का जावं? एका वाक्यात लिहा.' सुतारानं लिहिलं, मोठं होण्यासाठी. दूधवाल्यानं मान लांब करून, म्हशीसारखीच, तेच उतरवलं.

दोघांना शून्य. एकाला चुकीचं म्हणून, दुसऱ्याला कॉपीचं म्हणून.

सुतार हसत घरी गेला. दूधवाल्याला मात्र ते लागलं. दुधात पाणी घातल्याचा आळ त्यानं हसत पचवला होता, हे शून्य पचेना. संध्याकाळची धार होताच तो पोरीपुढं येऊन बसला.

"शिकव मला. परत पेपर दे."

"कशाला उगाच?"

"मला पास व्हायचंय. दूध का नासतं ते सांग आधी."

सांगायला पुस्तक उघडावंच लागलं. नेमकं ते पान म्हशीच्या पोटात. मग सुताराच्या पोरीचं पुस्तक आलं, पाठोपाठ ती आली. "तू चुकीचं सांगतेस काकांना," म्हणाली. "दाखव कुठं चुकलं ते," ही म्हणाली. जुंपली दोघींची. भांडणाच्या भरात दोघी धडा संपवून पुढच्या धड्यात घुसल्या, आणि दूधवाला मधे बसून नुसता मान डोलवत राहिला.

फेरपरीक्षेत तो पास झाला. एक प्रश्न तेवढा कोरा ठेवला होता, तोच शेवटचा, मुलीनं कॉलेजात का जावं.

"याचं उत्तर आणा," पोरगी म्हणाली, आणि या वेळी ती चेष्टा करत नव्हती. "खरं असलं तर परीक्षेला बसते. नसलं तर तुम्ही बसा."

आई म्हणाली, "शेण काढावं लागू नये म्हणून."

"तुम्ही दोघं काढताच की. ते वाईट आहे का?"

दूधवाल्यानं मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, "ते पुढच्या इयत्तेत सांगतील."

म्हणून साहेब, आज सकाळी घरोघर दुधाचा वरवा घालून झाल्यावर दूधवाला घरी गेला नाही. रिकाम्या किटल्या खडखडवत तो तुमच्या कचेरीच्या दारात येऊन उभा आहे. शिपाई म्हणतो, साहेब कामात आहेत. परीक्षा उद्यावर आलीय. एवढे पेपर काढलेत तुम्ही, आता एक सोडवून दाखवा. आणि 'मोठं होण्यासाठी' लिहू नका, त्याला शून्य आहे.

बोला. का जावं तिनं?