दुबार सही

"विरूभाई, गुडगा दुखरा तो बोलो. बदली खेळाडू बैठाय," आमचा कप्तान मुश्ताक पाण्याची बाटली पुढे करत म्हणाला.

"दुखत न्हाय," मी म्हणालो.

दुखत होता. चांगला टम्म फुगला होता. एक्केचाळिसाव्या वर्षी फुटबॉलच्या मधल्या फळीत खेळायला माणूस एक तर वेडा लागतो, नाही तर त्याच्या पोटात काहीतरी जळत असावं लागतं. मी वेडा नाही. मैदानाच्या पलीकडच्या रेषेवर गुरुबसप्पा अण्णा उभे होते, पांढरी टोपी, पांढरा शर्ट, हात मागे बांधलेले. ते हरताना मला आतून बघायचे होते, बाहेर बसून नव्हे.

मध्यंतर झालं होतं आणि सामना शून्य-शून्य होता. सकाळचे साडेआठ वाजले होते, तरी सोलापूरचं मार्चचं ऊन टाळूवर बसायला लागलं होतं. जिल्हा लीगच्या ब गटाचा हा शेवटचा सामना. आम्ही, म्हणजे विडी घरकुल इलेव्हन, तक्त्यात मधोमध. आम्हाला ना वर जायचं होतं ना खाली. समोर अण्णांचा 'उगवता तारा'. त्यांना बरोबरी पुरत होती. हरले तर मात्र क गट. क गटात सामन्याच्या दिवशी सकाळी गल्लीतून अकरा माणसं गोळा करतात, त्यात एखादा चपलेवरच येतो. अण्णांनी पंचेचाळीस वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळलेला क्लब मला तिथे घालायचा होता.

मी त्याच क्लबचा. दहाव्या वर्षी अण्णांनी माझ्या पायात पहिले बूट घातले, तेही वर्तमानपत्र कोंबून, कारण ते दोन नंबर मोठे होते. खंडेनवमीला आमच्या भागात विणकर माग पुजायचे, आम्ही बूट पुजायचो. ओळीने मांडलेले बूट, मध्ये चेंडू, त्यावर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. पूजा झाली की अण्णा नोंदणीचे फॉर्म काढायचे. साधे कोरे. ना वर्ष, ना तारीख. "सही करा रे, बाकीचं मी भरतो," म्हणायचे, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन, तीन-तीन सह्या घेऊन ठेवायचे. प्रसादाची बुंदी खाता खाता आम्ही सह्या ठोकायचो. देवासमोर केलेली सही, त्यात काय वाचायचं?

बाविसाव्या वर्षी पुण्यातल्या एका बँकेच्या संघाने मला बोलावलं. खेळाडू म्हणून नोकरी, कायमची. मी त्यांच्या फॉर्मवर सही केली, पेढे घेऊन अण्णांच्या पाया पडलो. अण्णांनी पेढा खाल्ला. चार दिवसांनी त्यांनी कपाटातला माझा एक कोरा फॉर्म काढला, त्यात चालू वर्ष घातलं आणि संघटनेकडे दिला. एका हंगामात दोन क्लबांच्या फॉर्मवर सही, म्हणजे दुबार सही. खेळाडूवर एक वर्षाची बंदी. बँकेने माझ्या जागी दुसरा मुलगा घेतला. मी रडत अण्णांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "वर्षभर घरी बस, मग बघू."

ते वाक्य मी एकोणीस वर्षं जपलं आहे.

आता मी पाणीपुरवठ्यावर चावीवाला आहे, कंत्राटी. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी गल्लोगल्ली सोडायचं, ठरल्या वेळी बंद करायचं. अण्णांच्या गल्लीची चावीसुद्धा माझ्याच हातात. मित्र म्हणायचे, अरे, दहा मिनिटं आधी बंद कर की, म्हातारा हंडे घेऊन नाचू दे. मी एक मिनिट कधी कमी केलं नाही. पाणी तोडून सूड कुणीही उगवेल. माझं मैदानावर गेलं होतं, मला ते मैदानावरच वसूल करायचं होतं.

पण गाठच पडत नव्हती. बंदीनंतर मी क आणि ब गटांतल्या सात क्लबांकडून खेळलो, 'उगवता तारा' कायम अ गटात. दोन वर्षांपूर्वी ते ब गटात घसरले तेव्हा मी क गटात होतो. मग या हंगामाआधी मी ब गटातल्या विडी घरकुलच्या दारात जाऊन उभा राहिलो. माझी बायको शिवलीला रोज रात्री गुडघ्याला तेल चोळते. परवा म्हणाली, "चोळून चोळून माजे हात झिजले, पर तुमचा राग काय झिजंना." मी म्हणालो, "एक मॅच ऱ्हायली हाय."

शिट्टी झाली.

दुसऱ्या सत्रात ते सगळे मागे बसले. बरोबरीवर समाधान मानणारा संघ लगेच कळतो, चेंडू लागला की लांब हाणतो आणि घड्याळाकडे बघतो. फक्त त्यांचा मधल्या फळीतला दिग्विजय खेळत होता. वीस वर्षांचं पोर, चेंडूवर सुरेख ताबा. पळण्यात त्याने मला तीनदा मागे टाकलं. अण्णा रेषेवरून ओरडत होते, "दिग्या, मान! मान फिरव!"

ते ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. हे मला पाठ होतं. उजवीकडे चेंडू द्यायचा असेल तर मान डावीकडे फिरवायची, समोरचा फसतो. हजार वेळा अण्णांनी माझ्याकडून ते घोटून घेतलं होतं, चुकलं की कानाखाली. पोरगं अगदी तसंच करत होतं. म्हातारा अजून तेच शिकवत होता.

मग मी पळणं सोडलं आणि त्याची मान बघू लागलो.

सात-आठ मिनिटं उरली होती. दिग्विजयने चेंडू घेतला आणि मान डावीकडे वळवली. मी त्याच्या उजवीकडे गेलो. पास थेट माझ्या पायात आला. गुडघ्यातून कळ निघाली ती कमरेपर्यंत. दोन पावलं टाकली आणि त्यांच्या दोन बचावपटूंच्या मधून चेंडू मुश्ताकला सरकवला. मुश्ताकने आयुष्यात सोप्या संधी कमी दवडलेल्या नाहीत, पण ती नाही दवडली.

आमची पोरं त्याच्या अंगावर पडली. नोंद त्याच्या नावावर झाली, मधल्या फळीवाल्याचं नाव कधी लागत नाही. पण अण्णांना कळलं होतं. ते ओरडायचे थांबले आणि त्यांनी चेंडूकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? तसा आनंद माझ्या लग्नात झाला नव्हता.

एक-शून्य. सामना संपल्यावर मी लंगडत सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"अण्णा, वर्षभर खाली खेळा, मग बघू," मी म्हणालो.

त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली.

"मीच म्हणलं हुतं न्हवं हे?"

"व्हय. ध्यानात हाय तर."

"सगळं ध्यानात हाय. तुला काय वाटतंय, तुजं वाटोळं करायला भरला मी तो फॉर्म? तू पायजे हुतास मला. वाटलं, फॉर्म दिसला की तुला माज्याकडं परत धाडतील. बंदी घालतील हे डोक्यातच आलं न्हाय. तूबी गेलास, अन् मलाबी मिळाला न्हाईस."

"मग तवाच सांगायचं की! फॉर्म कोरा हुता, मी भरला, एवढं एक वाक्य. मी सुटलो असतो."

"तू सुटला असतास. क्लब बाद झाला असता." अण्णांनी माझ्या डोळ्यांवरून नजर काढली नाही. "तितं वीस पोरं हुती, विरू. तू एकटा हुतास."

एकोणीस वर्षांत मी त्यांच्या तोंडी शंभर उत्तरं घालून पाहिली होती. कधी ते रडायचे, कधी खोटं बोलायचे, कधी हात जोडायचे. हे उत्तर त्यांत नव्हतं. त्यांनी बसून हिशेब केला होता आणि त्या हिशेबात मी वजा झालो होतो. माफी मागायची त्यांना गरजही वाटली नाही. हात उचलावा असं वाटलं. उचलला नाही, कारण आता काय मारायचं ते कळेना. मारायचं ते मारून झालं होतं.

"चांगला पास दिलास," ते म्हणाले आणि चालू लागले.

आमच्या लीगची एक रीत आहे. मैदानाला कायमची जाळी नसते, ती संघटनेची असते आणि हरलेल्या संघाने दोन्ही गोलांची जाळी सोडून, घडी घालून द्यायची. पण 'उगवता तारा'ची पोरं एव्हाना मोटारसायकलींवर बसून निघून गेली होती. दिग्विजय तेवढा कुंपणाशी पाठ करून बसला होता, त्याचे खांदे हलत होते. अण्णांनी त्याला हाक मारली नाही. गुणलेखकाच्या टेबलाजवळची प्लास्टिकची खुर्ची त्यांनी उचलली, गोलाखाली नेऊन ठेवली आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस तिच्यावर चढला.

वरच्या दांडीला गाठी होत्या. त्या त्यांच्या बोटांना सुटत नव्हत्या. मी मागोमाग गेलो होतो, का ते मला आजही सांगता येणार नाही. बघायला, बहुतेक.

"शिवू नगंस," ते मान न वळवता म्हणाले. "हरलेल्यांचं काम हाय."

"मी कुटं शिवलोय?"

एक गाठ सुटली. ते दुसरीकडे वाकले. जमीन उखडलेली होती, खुर्ची एका पायावर डुगडुगायला लागली. मी हात मागे बांधूनच ठेवले आणि दुखऱ्या पायाचा बूट खुर्चीच्या पायाला लावून उभा राहिलो.

अण्णांनी खाली पाहिलं. अजून अकरा गाठी राहिल्या होत्या, त्यांनी पुढची सोडायला घेतली.