जेवणासकट खोली

शीलाचं डोकं त्या सकाळी फिरलं ते काही उगाच फिरलं नाही. बजाजनगरातल्या दोन खोल्यांत लग्न होऊन आल्यापासून ती रोज पहाटे उठून डबे भरत होती, एक नवऱ्याचा, एक स्वतःचा. मग दोघं आपापल्या कंपनीची बस धरायला पळायची. दिवाळीची सुटी जवळ आली तेव्हा तिनं नवऱ्याला, आदिनाथला, सांगून टाकलं होतं, "मला समुद्र नाही दिसला तरी चालंल, पण चार दिवस मी चुलीपुढं उभी राहणार नाय." तो बरं म्हणाला. मग तिनंच फोनाफोनी करून कोकणात जेवणासकट खोली ठरवली.

तयारी तर अशी केली की बघत राहावं. मोबाइलवर बघून कपड्यांच्या गुंडाळ्या केल्या. माणशी एकच बॅग. औषधं वरच्या कप्प्यात, चार्जर वेगळ्या पिशवीत. सासूबाई, म्हणजे बानाबाई, त्यांची लुगडीसुद्धा तिनं इतकी नेटकी बसवली की म्हातारीला बॅग एका हातानं उचलता यावी. कितीतरी वर्षांत एक गोष्ट तिच्या मनासारखी झाली होती.

आणि दारात गाडी येऊन उभी राहिली. फुलंब्रीहून दीर रामहरी आपली दोन पोरं घेऊन आला होता. जाऊ बाळंतपणाला माहेरी गेलेली. आला तर आला, माणसं वाढली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पण आदिनाथनं सामान भरून झाल्यावर शीलानं गाडीचं मागचं दार उघडलं, तर तिच्या बॅगा तळाला चेंगरलेल्या आणि त्यांच्यावर गॅसची शेगडी, छोटा सिलिंडर, पातेली, परात आणि बाजरीच्या पिठाची पिशवी.

"हे काय आहे?"

"अगं, ती खोली रद्द केली मी," आदिनाथ म्हणाला, पण तिच्याकडं न बघता. "रामहरी म्हणला, राहायचं त्याच्या दोस्ताच्या रिकाम्या घरी. बाहेरचं खाऊन पोरांची पोटं बिघडतात. आपली माणसं कुठं बी निघाली तर शिधा घेऊनच निघतात."

"आणि रांधणार कोण?"

रामहरी हसला. "वहिनी, समुद्राच्या काठी तुमच्या हातची भाकर म्हणजे लई भारी."

हसला मेला. जसं काही तो तिच्यावर उपकारच करत होता. शीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. आठवडाभर ती गुंडाळ्या करत बसली, तेव्हा नवरा बाजूला बसून चहा पीत होता, आणि तोंडातून शब्द काढला नाही. तिनं पातेली खाली आदळली, आपली बॅग ओढून काढली आणि घराच्या पायरीवर नेऊन ठेवली.

"जा तुम्ही. मी घरी राहते. चार दिवस चूल पेटवणार नाही म्हणले होते, ती इथं बी पेटवणार नाही."

आदिनाथनं आदळलेली पातेली उचलून परत गाडीत ठेवली. मग म्हणाला, "अगं, पण मग तिथं सैपाक कोण करणार?"

एवढं सगळं ऐकून त्या माणसाच्या तोंडून निघालं काय, तर हे. 'चुकलं' नाही, 'चल' नाही, काही नाही.

तेवढ्यात पुढच्या सीटवरून बानाबाई उतरल्या. साऱ्या तरुणपणात त्या मेंढरांमागं फिरल्या होत्या, रोज नव्या माळावर तीन दगड मांडून भाकरी थापल्या होत्या. "माझं बी सामान काढ," त्या लेकाला म्हणाल्या. "मी सुनंपाशी राहते. आम्ही खानावळीचा डबा आणू. तुम्ही जा, रांधा न् खा."

शीलाला बरं वाटायला हवं होतं, पण गाडीतली पिठाची पिशवी बघून राग उलट वाढला. "आत्या, ते पीठ काल गिरणीवरून तुम्हीच दळून आणलं ना? मला वाटलं, घरात लागंल म्हणून आणलं."

"व्हय, मीच आणलं," बानाबाई म्हणाल्या. "बाई, परगावी निघताना दुसरं काय घ्यायचं असतं, ते मला कधी कुणी सांगितलंच नाय."